डाव्या बाजूची चुणी

नमुन्याचं जाकीट घेऊन आलेल्या बाईला मामी दारातच उभी करायची. आत ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. तोंडात चार टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यांच्या फटीतून एवढंच विचारायची, "शिवून घ्यायला कोण आलंय, तू का हे जाकीट?"

तंजावुरात ब्लाउजला जाकीट म्हणतात. आणि तिकडची सभ्य रीत अशी, की बाईने शिंप्याला अंगाचं माप द्यायचं नाही. नीट बसणारं जुनं जाकीट पिशवीत घालून पाठवायचं, त्यावर नवीन कापड ठेवून शिंप्याने कापायचं. 'अळवु जाकीट' म्हणतात त्याला, मापाचं जाकीट. शिवणारा पुरुष असो की बाई, रीत तीच. एकाच जाकिटावरून दहा-दहा वर्षं जाकिटं निघत राहतात आणि तेवढ्या काळात आतल्या अंगाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. नवरा विचारत नाही, शिंपी विचारत नाही, बाई स्वतः तर नाहीच नाही. याचा मला संताप येत असे. अजून येतो, आणि तो लपवून लिहिण्याचा माझा विचार नाही.

मामी मात्र अंगावरूनच माप घ्यायची. दर वेळी, नव्याने. दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेली बाई असली तरी पडद्याआड उभी करायची, हात वर करायला लावायची आणि डाव्या-उजव्या बाजूची मापं वेगवेगळी घ्यायची. मग ती एका जाड वहीत तमिळ अक्षरांत उतरवायची. गल्लीतल्या बायका कुरकुरायच्या, की एवढी मापं सरकारसुद्धा घेत नाही. पण तिच्यासारखं जाकीट गावात कुणी शिवत नव्हतं, म्हणून यायच्या. हात वर करायच्या, भिंतीकडे बघायच्या आणि माप संपलं की पदर असा काही ओढून घ्यायच्या, जणू चोरी पकडली गेली.

साठीच्या आसपासच्या कुठल्याही बाईला तिकडे मामीच म्हणतात, म्हणून मीही मामी म्हणे. राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वरची माडी तिने मला भाड्याने दिली होती. बायकांनी छातीची तपासणी वेळेवर करून घ्यावी म्हणून खटपट करणाऱ्या एका संस्थेचं काम मी करत होते. पुण्याच्या कचेरीत कुणाच्या तरी डोक्यात आलं, की तंजावुरात मराठी घरं आहेत, तेव्हा मराठी पत्रकं चालतील. दोन गठ्ठे पत्रकं घेऊन मी उतरले आणि पहिल्या आठवड्यात एक गठ्ठा घरोघर वाटून टाकला. बायकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि नेऊन देवापुढे ठेवली. त्या घरांतून बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ. नागरी अक्षर त्यांच्या ओळखीचं फक्त पोथीतलं. 'आपली छाती आपण तपासा' असं ठळक छापलेल्या कागदाला हळदकुंकू लावलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

उरलेला गठ्ठा मामीने मागून घेतला. कागद जाड होता, कटिंगला बरा. पण कात्री लावण्याआधी म्हणाली, काय लिहिलंय ते वाच.

मी वाचायला लागले. पहिलीच ओळ होती: घाबरू नका.

मामीने कात्री खाली ठेवली. "हे कोण सांगत्ये?"

मी म्हटलं, आम्ही सांगतो. संस्था.

"तुमी भीत नाही?"

मी तिला सांगितलं, की माहिती मिळाली की भीती जाते. हे वाक्य मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. मामीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पहिल्या धुण्यात रंग सोडणाऱ्या कापडाकडे पाहायची.

"मला जेवढी माहिती हाय तेवढी तुला नाही," ती म्हणाली. "आणि मी भीत्ये. भ्या म्हणून सांग त्यांना. भ्या आणि जा. भय गेल्यावर जाईन म्हणणारी बाई कधीच जायची नाही."

तिच्या बोलण्यात 'आहे'चं 'हाय' होई, 'झालं'चं 'जालं', आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल असा चढायचा की साधं विधानही सवाल वाटे. मला पहिले काही दिवस वाटायचं, ही बाई सारखी माझी उलटतपासणी घेते. पुढे कळलं, तसं बोलतात. आणि आणखी पुढे कळलं, की ती खरोखरच उलटतपासणी घेत होती.

तिच्या तऱ्हा पुष्कळ. बायकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, कापडं राहत. बँकेतली कोण? ती मोरपंखी, जरीचा काठ उसवलेली. शेजारची? ती दोन वेळा आटलेलं कॉटन. दहीभात उभ्याने खायची, कारण बसलं की मशीन रुसतं म्हणे. खोलीतला आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. बाईला नवीन जाकीट घालून आपल्याकडेच बघायला सांगायची. आरसा खूश करतो, मी करत नाही, म्हणायची. तोंडातल्या टाचण्या ती फक्त दोन वेळा काढायची, कॉफी पिताना आणि रडू आल्यावर. रडताना मी तिला एकदाच पाहिलं.

त्या दुपारी वीज गेली होती. पंखा थांबला, मशीनवरचा दिवा गेला, आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेतून तिने तीन जाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्या धाकट्या बहिणीची. वर्षभरात एकामागून एक शिवलेली. बहीण नमुना पाठवायची आणि सोबत निरोप, की डावीकडे थोडं सैल पडतं, बघ. मामीने पहिल्या जाकिटाला डावीकडे एक टक्स, म्हणजे आतून शिवलेली दुमड, जास्त घेतला. दुसऱ्याला तो आणखी खोल घेतला. तिसऱ्याला खांद्यातूनही आवळलं. लग्नाकार्यात लोक बहिणीला विचारायचे, कोण शिवतं गं तुझी जाकिटं, किती छान बसतात. बहीण अभिमानाने हिचं नाव सांगायची. डावा स्तन आत आत ओढला जात होता, आणि मामी सुईदोऱ्याने तो झाकत होती. दोघींनाही कळलं नाही, का दोघींनाही कळून घ्यायचं नव्हतं, ते मामी सांगू शकली नाही. इस्पितळात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

टाचण्या तिने एक एक करून शिवणाच्या उशीत खोचल्या. म्हणाली, "मी चांगली शिवत्ये ना. म्हणून मेली ती."

त्यानंतर तिने नमुन्याचं जाकीट घेणं सोडलं होतं.

मला हे ऐकून काय वाटलं असेल ते वाटो, मी त्या वेळी तिला एक व्याख्यान दिलं. टेप म्हणजे तपासणी नव्हे. पुष्कळ गाठी बाहेरून दिसतच नाहीत, मापात येत नाहीत, दुखत तर मुळीच नाहीत. महिन्यातून एकदा बाईने स्वतःचा हात फिरवून बघावा, वर्षातून एकदा डॉक्टरला दाखवावं, चाळिशी ओलांडली की मॅमोग्राफी कधी करायची ते विचारावं. मामीने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे तू आजवर कितीजणींना सांगितलंस. मी आकडा सांगितला. मग विचारलं, त्यातल्या किती गेल्या.

पद्माची गोष्ट यानंतर महिन्याभरातली. पद्मा दोन घरं सोडून राहायची, टपाल कचेरीत होती, वय सत्तेचाळीस. तिच्या मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, मुलाकडचे चेन्नईचे. मुलीच्या जाकिटांबरोबर ती आपलंही एक शिवायला घेऊन आली, गडद लाल रेशीम. मी पडद्याच्या अलीकडे बसून मामीचं कॅलेंडरवरचं काम करत होते, म्हणजे कुणाचं कधी द्यायचं ते लिहीत होते. मामी पलीकडून मापं सांगत होती आणि मध्येच थांबली. वर कर हात, म्हणाली. अजून वर. मग टाचण्या उशीत खोचल्याचा बारीक आवाज. एक, दोन, तीन, चार. कॉफीची वेळ नव्हती.

"पद्मा, हे इथे आत ओढलंय. कधीपासून?"

"काय ते?"

"हे. बगलेकडे. खळी पडत्ये बघ. आणि माप अर्ध्या बोटानं कमी जालंय, मागल्या दिवाळीपासून."

"दुखत नाही मामी."

"दुखत नाही म्हणूनच विचारत्ये."

मी पडदा सारून आत गेले. जायला नको होतं. उद्या सकाळी चला, मी म्हटलं, मी येते सोबत, डॉक्टरीण ओळखीची आहे. बऱ्याच गाठी साध्या असतात, आणि साधी नसली तरी लवकर सापडली तर बरी होते. तेव्हा उशीर करणं हा गुन्हा आहे. गुन्हा हा शब्द मी वापरला. पद्मा घाईघाईने हुकं लावायला लागली. तुझं लग्न जालंय का, तिने मला विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तुला हे कळायचं नाही. आईला तो रोग हाय म्हटल्यावर मुलीला कोण करून घेईल? घरात नणंद हाय, तिच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत चेन्नईला पोचेल. लग्न होऊ दे. लग्न जालं की दुसऱ्या दिवशी येते, देवाशपथ.

मी मामीकडे पाहिलं. तिने सांगितलं असतं तर पद्माने ऐकलं असतं.

"सरि," मामी म्हणाली. ठीक आहे. "कापड ठेवून जा."

मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले ते भांडायलाच. म्हटलं, तुम्हीही त्यातल्याच, एक बहीण गेली तरी शहाणपण आलं नाही, दुसऱ्या बाईच्या मरणाचं कापड बेतताय. हे मी बोलले आहे आणि ते मागे घेता येत नाही. मामी मशीन चालवत राहिली. तिने शिवायला दिलंय, शिवून देत्ये, एवढंच म्हणाली. खाली मशीनची घरघर आणि वर मी दिवस मोजत. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. त्यातले नऊ गेले. रोज सकाळी पद्मा दारापुढे कोलमची रांगोळी काढताना दिसायची, वाकलेली, उजव्या हाताने ठिपके टाकत, आणि मला वाटायचं, आत्ता, या क्षणी, ते वाढत असेल. पद्मा मान वर करायची नाही. मी दिसले की पिठाची वाटी उचलून आत जायची.

दहाव्या दिवशी मुलगी येऊन सगळी जाकिटं घेऊन गेली. अकराव्या दिवशी, दुपारी, गल्लीत कुत्रंही नसताना पद्मा आली. साध्या सुती साडीवर तिने ते लाल रेशमी जाकीट घातलं होतं.

"मामी, हे बसत नाही."

"कोठे?"

"डावीकडे. चुणी पडत्ये."

पडत होती. बगलेपासून खाली तिरकी, बोटभर लांब, रेशमावर चकाकणारी. ज्या बाईचं शिवण सबंध तंजावुरात नावाजलेलं, तिच्या हातच्या जाकिटाला चुणी.

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे बरोबर हाय."

मामीने वही आणली, एक पान काढलं आणि पद्मापुढे जमिनीवर ठेवलं. "मागल्या दिवाळीचं माप. दोन्ही बाजू तेंच घातलंय. एक दोरा हिकडचा तिकडे केला नाही." मग म्हणाली, "जाकीट बरोबर हाय, पद्मा."

पद्मा ती चुणी तळहाताने सपाट करायला लागली. एकदा, दोनदा. हात काढला की चुणी परत उभी. मला बोलायचं होतं. माझ्या तोंडात सगळं पत्रक आलं होतं. पण त्या बाईचा हात बघून मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

"टक्स घ्या एक," पद्मा म्हणाली. "लग्नापुरता."

"पूर्वी घेतलाय मी. तीनदा. आता घेत नाही."

पद्मा वहीजवळ खाली बसली. बराच वेळ तिने वहीतल्या आकड्यांकडे पाहिलं. घरी आरशापुढे तासभर उभी होते, म्हणाली, जाकीट उलटंपालटं करून पाहिलं, तुमचीच चूक असावी म्हणून देवाला नवस बोलले. मग अगदी हळू म्हणाली, "मला फार भय वाटत्ये, मामी."

"मला पण," मामी म्हणाली. "उद्या किती वाजता निघायचं?"

आम्ही तिघी सकाळच्या टाऊन बसने गेलो. घरी पद्माने पत्रिका वाटायला जाते म्हणून सांगितलं होतं आणि खरंच चार पत्रिका पिशवीत घेतल्या होत्या. तुम्हाला वाटेल, मी तिथे उपयोगी पडले असेन. मला फक्त कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासलं, मग मॅमोग्राफी, मग सोनोग्राफी, मग सुईने आतला कण काढून घेतला. प्रत्येक दारातून पद्मा बाहेर यायची तेव्हा तिच्या केसांतला मोगरा थोडा थोडा चुरगळलेला असायचा. रिपोर्टला सहा दिवस लागतील म्हणाले.

ते सहा दिवस कुठल्याच पत्रकात नसतात. मामीने एक बाही दोनदा उलटी जोडली. पद्मा टपाल कचेरीत जाऊन बसायची, तिकिटं विकायची, घरी येऊन मुलीच्या रुखवताचे लाडू वळायची. मला वर माडीवर झोप लागेना. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात मी स्वतःवर हात फिरवून पाहिला. शेकडो बायकांना शिकवलं होतं, बोटं सपाट ठेवा, गोल फिरवा, बगलेपर्यंत जा. स्वतः नीट, शेवटपर्यंत, कधी केलं नव्हतं. हात बर्फासारखा गार पडला होता आणि प्रत्येक बरगडी मला गाठ वाटत होती. काही नव्हतं. पण त्या पाच मिनिटांत मला कळलं, की 'घाबरू नका' लिहिणाऱ्याने हे कधी केलेलं नसणार.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. तोच आजार होता. लहान होता, आहे त्या जागी होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. पण थांबायचं नाही. लग्नाच्या आधी ऑपरेशन.

पद्माने मामीच्या खोलीतूनच मुलाच्या आईला चेन्नईला फोन केला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून जाण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणाली. सरळ सांगितलं, शब्द न फिरवता. मला मामीच्या पंख्याची प्रत्येक फेरी ऐकू येत होती. मग त्या बाईने विचारलं, इस्पितळ कोणतं, सोबत कोण राहणार. आणि म्हणाली, मुहूर्त पुढचा काढू. पद्माने फोन ठेवला आणि ती मामीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, अशी की शेजारच्या घरातली रेडिओची गाणी बंद झाली.

पद्मा वाचली. औषधांनी केस गेले, ते परत आले. लग्नही झालं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायचं कारण नाही. म्हणजे तिच्यासाठी.

पण गल्लीने काय करावं? पद्माची नणंद, शाळामास्तरीण होऊन निवृत्त झालेली बाई, देवळात म्हणाली, चांगली धडधाकट होती आमची पद्मा, त्या जाकीटमामीचा टेप लागला आणि रोग जाला. मास्तरीण म्हणाली म्हटल्यावर खरंच असणार. आठवड्याभरात मामीचं दार ओस पडलं. नमुन्याच्या पिशव्या घेऊन बायका तिच्या दारावरून, तिच्या देखत, बाजारातल्या शिंप्याकडे जायला लागल्या. दारासमोरून जाताना पदर छातीशी घट्ट धरायच्या. मी रस्त्यात उभी राहून त्यांना अडवलं. टेपने रोग होत नाही, लाजा वाटत नाहीत का, तिने पद्माला वाचवलं. माझी तमिळ कच्ची आणि आवाज मोठा. बायका चालण्याचा वेग वाढवायच्या.

मामी मला आत बोलवायची. तिच्या हाताला काम नव्हतं म्हणून ती पद्मासाठी मऊ मलमलीची जाकिटं शिवत होती, पुढून उघडणारी, हुकांऐवजी नाड्या असलेली, डावीकडे आतून कापसाची घडी. पद्माने मागितली नव्हती, हिने विचारलं नव्हतं.

"ओरडू नको," म्हणायची. "भय कोठेतरी ठेवायला लागतं माणसाला. माझ्या टेपावर ठेवलंय. ठेवू दे."

तीन महिने असे गेले. आणि एका सकाळी दारात ती नणंदच उभी. हातात पिशवी नाही, कापड नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांकडे तिने पाहिलं आणि आत आली.

"शिवायचं काही नाही," म्हणाली. "नुसतं माप घ्या."

मला तिला काय काय ऐकवायचं होतं. तीन महिने मी वाक्यं घोळवून ठेवली होती. पण तिचे ओठ सुकलेले होते आणि पदराचं टोक तिने मुठीत पिळून त्याची दोरी केली होती. पद्माच्या जखमेचं ड्रेसिंग तीच करत असे, हे मला नंतर कळलं. रोज बघत होती.

मामीने टेप गळ्यातून काढला आणि मशीनच्या खणात टाकला. "टेपाला काय कळतंय," ती म्हणाली. "पद्माचं दिसलं म्हणून दिसलं. नसतं दिसलं तर मी आनंदानं शिवून दिलं असतं तिला. तुला काही लागलंय हाताला?"

माहीत नाही, नणंद म्हणाली. लागलंय असं वाटतं, नाही असंही वाटतं. हात लावायलाच धजत नाही.

"मग चल. चप्पल घाल."

परत तीच टाऊन बस. दोघी एका बाकावर, मी मागे. वेण्णार नदीचा पूल आला. मग नणंदेने मान न वळवता विचारलं, की त्या यंत्रात म्हणे दाबून धरतात, फार दुखतं का. मला नाही विचारलं, मामीला विचारलं. मी उत्तर द्यायला पुढे वाकले. थोडं दुखतं, काही क्षणच, माझं पाठ होतं.

"मला काय ठाऊक," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी कोठे केलंय."

बस चालत राहिली. मी तिच्या पाठमोऱ्या, घट्ट बांधलेल्या अंबाड्याकडे बघत राहिले. आठ महिने मी त्या बाईच्या डोक्यावर राहत होते. तिची सख्खी बहीण त्याच आजाराने गेली होती, म्हणजे गावात सगळ्यांत आधी तपासायला हवी होती ती हीच, हे मला पाठ असलेल्या पहिल्या पाच वाक्यांत येतं. मी शेकडो अनोळखी बायकांची दारं वाजवली आणि खालच्या मजल्यावर एकदाही विचारलं नाही. जिला एवढं कळतं तिने केलंच असेल, असं मी धरून चालले होते. कदाचित मलाही विचारायची भीती वाटली असेल. तिला काही निघालं आणि ती नसली, तर मग मी त्या गावात कोण?

मी पुढे वाकून विचारलं, का नाही केलंत.

"सांगितलं होतं ना तुला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "भीत्ये."

इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीपुढे आधीच पाच-सहा बायका होत्या. आमचा नंबर आला तेव्हा नणंद पुढे झाली. आतल्या मुलीने कागद ओढला आणि तमिळमध्ये नाव विचारलं. नणंदेने तोंड उघडलं, तेवढ्यात मामीने तिला खांद्याने बाजूला सारलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. दोन्ही हातांनी तिने खिडकीचे गज धरले.

"आधी माझं लिही," ती तमिळमध्येच म्हणाली. "हिचं मागून. माझं मागे ठेवलंस तर मी पळून जाईन."

मुलीला ती थट्टा वाटली. ती हसली आणि वय किती म्हणून विचारलं. मामीने वय सांगितलं, पण गज सोडले नाहीत.